चिंक्वे तेर्रे: पाच गावं, एक रेल्वेलाइन आणि न संपणाऱ्या पायऱ्या

वेर्नात्सात आम्ही उतरलो होतो त्या घराकडे जाणारी वाट म्हणजे दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी पायऱ्यांची दगडी बोळ. सासूबाई पहिल्या वळणावर थांबल्या, भिंतीला हात टेकला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पाखाडी!" त्या मूळच्या गुहागरकडच्या. पुढचे चार दिवस त्यांना तिथलं फारसं काही परकं वाटलं नाही. वर डोंगर, खाली समुद्र, उतारावर दगडावर दगड रचून धरलेली माती आणि बोगद्यातून धडधडत बाहेर येणारी गाडी. फरक एवढाच, की आंब्याच्या जागी द्राक्षं आणि ऑलिव्ह.

चिंक्वे तेर्रे हे गावाचं नाव नाही. इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे, तिथल्या किनाऱ्यावर हारीनं बसलेल्या पाच गावांचं हे सामाईक नाव. शब्दशः 'पाच भूमी'. पश्चिमेकडून निघालं तर क्रम असा: मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला, रिओमाज्जोरे. हा क्रम पाठच करा. गाडीत बसल्यावर पुढचं स्टेशन कोणतं हे खिडकीतून कळत नाही, कारण खिडकीबाहेर बोगदा असतो. १९९७ साली हा किनारा यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि १९९९ मध्ये इथं राष्ट्रीय उद्यान झालं. त्यामुळे पायवाटा, त्यांची तिकिटं आणि त्यांचे नियम उद्यानाच्या हातात आहेत. हे पुढे कामी येईल.

आधी एक गोष्ट ठरवा: रात्री राहणार की नाही

बहुतेक सहलींच्या वेळापत्रकात चिंक्वे तेर्रे एका दिवसात उरकलेलं असतं. सकाळी फ्लोरेन्सहून किंवा मिलानहून निघायचं, पाच गावांत पाच फोटो, संध्याकाळी परत. असं करणार असाल तर माझा प्रामाणिक सल्ला आहे की जाऊच नका, तो दिवस फ्लोरेन्सलाच द्या. कारण तुम्ही ज्या वेळेत तिथं असाल, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, त्याच वेळेत बाकी सगळेही असतात. शेजारच्या ला स्पेत्सिया शहराच्या बंदरात क्रूझ जहाजं लागतात आणि त्यातले प्रवासी छत्री उंच धरलेल्या गाइडमागे याच गल्ल्यांत शिरतात. वेर्नात्साच्या मुख्य गल्लीत दुपारी बाराला मी दादर स्टेशनच्या पुलावर असल्यासारखी सरकत होते. त्याच गल्लीत रात्री नऊला एक आजीबाई दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या आणि सकाळी सातला मासळीचे खोके उतरत होते. गाव बघायचं तर ते या दोन वेळांना दिसतं, आणि त्यासाठी तिथं झोपावं लागतं.

किमान तीन रात्री, जमल्यास चार. पुढचं सगळं नियोजन हे धरूनच सांगते आहे.

केव्हा जायचं

एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मध्य जून, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तर अख्खा इटली देश समुद्राकडे निघालेला असतो. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. त्या शनिवार-रविवारला जोडून आल्या तर मधले दिवस सोडा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरमध्ये पाऊस सर्वांत जास्त. नोव्हेंबर ते मार्च बऱ्याच खाणावळी आणि खोल्या बंद, बोटीही बंद.

आपल्याकडच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी या हिशेबात अगदी नेमकी बसते. पण मे महिना आपल्याकडच्या सगळ्यांनाच नेमका बसतो, त्यामुळे मुंबईत व्हिसाच्या अपॉइंटमेंटला फेब्रुवारी-मार्चपासून झुंबड उडते. मेमध्ये जायचं तर जानेवारीतच कागद गोळा करायला लागा.

व्हिसा

इटली शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे. पर्यटनाचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो आणि तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून काढता येतो. प्रवासाला पंधरा दिवस उरले की मात्र अर्ज करायची मुदत संपते. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा. तीन रात्री इटली आणि पाच रात्री स्वित्झर्लंड असेल तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. इथं बरेच जण चुकतात. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांचं निम्मं. वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि तो सगळ्या शेंगेन देशांत लागू आहे असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं हवं.

निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, पण पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. म्हणून राहण्याचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा. चिंक्वे तेर्रेत घरगुती खोल्या जास्त, आणि त्यांतल्या पुष्कळ जणांच्या रद्द करण्याच्या अटी कडक असतात. आम्ही अर्जासाठी ला स्पेत्सियातलं फुकट रद्द होणारं हॉटेल धरलं आणि व्हिसा हातात पडल्यावर गावातली खोली पक्की केली.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. पहिल्या वेळी रांगेत जास्त वेळ जातो. विमानतळावरून पुढची गाडी पकडायची असेल तर मधे तीन तास ठेवा.

मुक्काम कुठल्या गावात

सगळ्यांत जास्त विचार इथं करायचा, आणि विचार गुडघ्यांपासून सुरू करायचा.

सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर मोन्तेरोस्सो. पाचांत एवढंच गाव बरंचसं सपाट, आणि खरीखुरी वाळूची पुळण फक्त इथंच. गावाचे दोन भाग आहेत: स्टेशनजवळचं नवं फेजिना आणि बोगद्यापलीकडचं जुनं गाव. हॉटेलांची संख्याही इथंच जास्त. गावपण मात्र थोडं कमी जाणवतं.

वेर्नात्सा माझं आवडतं. स्टेशनपासून बंदरापर्यंतची मुख्य गल्ली सौम्य उताराची आहे, त्यामुळे खोली त्या गल्लीवर किंवा लगत मिळाली तर गुडघेवाल्यांनाही जमतं. बंदरावर १३१८ सालच्या उल्लेखाचं सांता मार्गेरिताचं चर्च आहे, पायथा थेट समुद्राच्या खडकात. संध्याकाळी त्याच्यासमोरच्या धक्क्यावर नुसतं बसायचं.

कोर्नील्या समुद्रापासून साधारण शंभर मीटर उंच कड्यावर आहे. स्टेशन खाली, गाव वर. मधे लार्दारिना नावाचा नागमोडी जिना: ३८० च्या आसपास पायऱ्या. आम्ही एकूण मोजायला गेलो आणि तिघांचे तीन आकडे आले. स्टेशनवरून छोटी बस वर जाते, पण गाडी आली की तिच्याभोवती झुंबड होते आणि संध्याकाळी ती लवकर थांबते. शांतता सर्वांत जास्त इथंच. एकटे किंवा दोघंच असाल, पाय धड असतील आणि सामान पाठीवर असेल तर कोर्नील्या घ्या.

मानारोला आणि रिओमाज्जोरे दोन्ही दरीत उभी वसलेली. फोटोंत दिसतात ती रंगीत, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं बहुतेक मानारोलाची. इथं जी खोली 'समुद्राचं दृश्य' म्हणून मिळते ती वरच असणार, हे गृहीत धरा.

पाचही गावांत जागा नसेल किंवा भाडं झेपत नसेल तर लेवान्तो. पश्चिमेला, मोन्तेरोस्सोपासून गाडीनं पाच-सहा मिनिटांवर. सपाट, स्वतःचा मोठा किनारा, वाणसामानाची दुकानं नेहमीच्या भावात. पूर्वेच्या टोकाला ला स्पेत्सिया आहे. ते खरंखुरं शहर, गाड्यांच्या दृष्टीनं सर्वांत सोयीचं, पण संध्याकाळी तुम्ही पुन्हा शहरात.

खोली ठरवण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा: स्टेशनपासून दारापर्यंत किती पायऱ्या? 'थोड्याशा' असं उत्तर आलं तर आकडा मागा. आमच्या 'थोड्याशा' त्र्याण्णव निघाल्या. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसतेच. घरमालक पोचल्यावर पासपोर्टची नोंद करतात, ते कायद्यानं बंधनकारक आहे, घाबरायचं कारण नाही. शिवाय माणशी रोजचा थोडा पर्यटन कर असतो, तो बहुधा रोख मागतात.

पोचायचं कसं

मुंबईहून मिलान किंवा रोम, आखाती शहरांतून बदलून. तिथून पुढे गाडी, म्हणजे रेल्वेच. मिलानहून काही इंटरसिटी थेट मोन्तेरोस्सोला थांबतात, साधारण तीन तास. रोमहून ला स्पेत्सिया साडेतीन-चार तास. फ्लोरेन्सहून दोन-अडीच तास, बहुधा पिसाला बदलून. पिसाहून ला स्पेत्सिया सव्वा तासाच्या आत. पिसाला बदलायचंच आहे तर तीन तास काढा, सामान स्टेशनवर ठेवा, कलता मनोरा बघून या आणि पुढे चला.

भाड्याची मोटार घेऊ नका. गावांत बाहेरच्या मोटारींना जाता येत नाही, वरच्या पार्किंगला जागा मिळत नाही, रस्ते आंबेनळी घाटाची आठवण करून देणारे. आणि इटलीतल्या जुन्या शहरांत वाहनबंदीच्या हद्दी असतात, त्यात चुकून शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी आपल्या पत्त्यावर येतं.

लांब पल्ल्याच्या इंटरसिटीचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. प्रादेशिक गाड्यांचे दर मात्र ठरलेले असतात, आधी काढून फायदा नाही.

गावांमधली गाडी

लेवान्तो ते ला स्पेत्सिया या पट्ट्यात हंगामात दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी असते. शेजारच्या गावाला जायला दोन ते पाच मिनिटं. १८७० च्या दशकात ही लाइन झाली, तोवर ही गावं बाहेरच्या जगाशी होडीनं आणि खेचरांच्या वाटांनी जोडलेली होती. आता लोकल आहे असं समजा, फक्त चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, फलकावर तुमच्या गावाचं नाव नसतं, गाडीचं शेवटचं स्टेशन असतं. 'ला स्पेत्सिया चेंत्राले' म्हणजे रिओमाज्जोरेच्या दिशेनं, 'लेवान्तो', 'सेस्त्री लेवान्ते' किंवा 'जेनोव्हा' म्हणजे मोन्तेरोस्सोच्या दिशेनं. फलाटाला बिनारिओ म्हणतात आणि तो ऐनवेळी बदलतो.

दुसरी, सगळ्या गाड्या सगळ्या गावांना थांबत नाहीत. कोर्नील्या तर हमखास वगळलं जातं.

तिसरी, वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरेचे फलाट बोगद्यात शिरलेले आहेत. तुमचा डबा अंधारात थांबतो, बाहेर कातळ दिसतो आणि वाटतं की गाडी सिग्नलला उभी आहे. नाही, हेच स्टेशन. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. पहिल्या दिवशी आम्ही शिस्तीत बसून राहिलो आणि कोर्नील्याला पोचलो.

चौथी तिकिटाची. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा. मोबाइलवर काढलेलं प्रादेशिक तिकीट असेल तर गाडी सुटण्यापूर्वी त्याच तिकिटावर 'चेक-इन' करायचं. पैसे भरलेले असले तरी हे केलं नसेल तर दंड. माझ्या नवऱ्यानं तो भरला आहे. तपासनीस अतिशय सौजन्यानं बोलत होता, पण पावती फाडलीच.

आता कार्डाचा हिशेब. हंगामात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं एकेरी तिकीट निदान ५ युरो, गर्दीच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. दोन प्रकारची कार्डं आहेत. 'ट्रेकिंग कार्ड'मध्ये सशुल्क पायवाटा आणि गावातल्या बस येतात. 'त्रेनो कार्ड'मध्ये हे सगळं अधिक लेवान्तो ते ला स्पेत्सिया दिवसभर हवा तेवढा गाडीप्रवास. किंमत दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलते: ट्रेकिंगचं साधारण साडेसात ते १५ युरो, गाडीसकट साधारण २० ते ३३. दिवसात चार वेळा गाडीत चढणार असाल, किंवा दोन वेळा गाडी आणि एक सशुल्क वाट असं असेल, तर गाडीचं कार्ड. एकच वाट चालून एकदाच गाडीनं परतणार असाल तर ट्रेकिंग कार्ड आणि सुटं तिकीट. स्टेशनवरची स्वच्छतागृहं कार्डावर फुकट असतात. हा फायदा वाटतो त्याहून मोठा आहे.

आणि 'शोपेरो' हा शब्द ओळखून ठेवा. म्हणजे संप. इटलीत तो आधी जाहीर करून होतो. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवतात, त्यामुळे संपाच्या दिवशीचा प्रवास या वेळांत बसवा.

पायवाटा

किनाऱ्यालगतच्या वाटेला सेंतिएरो अझ्झुर्रो म्हणतात, निळी वाट. पूर्ण लांबी जेमतेम बारा किलोमीटर, पण ती सलग चालता येईल असं धरू नका. मानारोला ते कोर्नील्या हा खालचा भाग दरडींमुळे वर्षानुवर्षं बंद आहे.

मोन्तेरोस्सो ते वेर्नात्सा सर्वांत देखणी आणि सर्वांत दमवणारी. साडेतीन किलोमीटर, दोन तास. मोन्तेरोस्सोकडून निघालं की लिंबांच्या बागांतून सुरुवातीलाच खडी चढण लागते, मग वाट अरुंद होते. काही ठिकाणी समोरून कोणी आलं की एकानं भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गर्दीच्या काही दिवशी ही वाट एकाच दिशेनं चालू ठेवतात, ती दिशा मोन्तेरोस्सोकडून. सकाळी साडेसातला निघा. शेवटच्या वळणावर वेर्नात्साचं बंदर खाली दिसतं, तिथला फोटो सगळ्यांकडे असतो, पण तेव्हा ऊन तिरपं असतं आणि तुम्ही एकटे असता.

वेर्नात्सा ते कोर्नील्या दीड तास. मधे प्रेव्हो नावाची चार घरांची वाडी, ती या वाटेवरची सर्वांत उंच जागा, दोनशे मीटरच्या थोडी वर.

रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'व्हिया देल्लामोरे', म्हणजे प्रेमाची वाट. एक किलोमीटरही नाही, सपाट, कड्यात कोरलेली. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून पर्यटक जखमी झाले आणि ती बंद झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. आता तिला ठरावीक वेळेचं वेगळं आरक्षण लागतं आणि प्रवेश रिओमाज्जोरेकडून. नावामुळे आणि बंद राहिल्यामुळे तिचा बोलबाला फार झाला आहे. मला विचाराल तर आरक्षण मिळालं तर जा, नाही मिळालं तर जीव टाकू नका.

माझी खरी शिफारस चौथी आहे, आणि ती फुकट आहे. मानारोलाहून छोट्या बसनं वर व्होलास्त्राला जायचं, ३३० मीटरच्या आसपास उंचीवर. तिथल्या चर्चमागून वाट निघते आणि कोर्नील्यापर्यंत जाते. बस घेतल्यामुळे चढण वाचते. सुरुवातीचा बराच भाग जवळजवळ सपाट, द्राक्षमळ्यांच्या बांधावरून, डाव्या हाताला सरळ खाली समुद्र. शेवटी जंगलातून उतार. दोन-अडीच तास.

या बांधांबद्दल दोन शब्द, कारण कोकणातल्या माणसाला ते जास्त कळतील. आपल्याकडे चुना-सिमेंट न घालता रचतात तो गडगा. इथं अख्खा डोंगर गडग्यांवर उभा आहे. व्होलास्त्राच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ ढासळलेला बांध पुन्हा रचत होते. मोठा दगड हातात फिरवून फिरवून बघायचे, सपाट बाजू बाहेर, जाड टोक आत, मग छोट्या हातोडीनं एक कोपरा उडवायचा, खाली बसवायचा आणि मागच्या फटीत चिपा भरायच्या. सासूबाई खाली बसून बघत राहिल्या. पाणी दगडांमधून निथळून जातं म्हणून बांध टिकतो. सिमेंट घातलं तर मागे पाणी तुंबून तो फुगतो आणि पडतो. हे त्यांनीच मला मराठीत समजावलं, त्या गृहस्थांनी इटालियनमध्ये तेच सांगितलं असावं. सुकी दगडी भिंत रचण्याच्या या कलेची २०१८ मध्ये यूनेस्कोनं इटलीसह आठ देशांच्या नावानं नोंद केली.

शेती सोडून माणसं गेली की बांध ढासळतात, आणि मुसळधार पावसात त्यामागची माती खाली येते. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांच्या पावसात वेर्नात्साची मुख्य गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत चिखल-दगडांनी भरली, तिघांचा जीव गेला. मोन्तेरोस्सोचंही मोठं नुकसान झालं. म्हणून हवामानाचा नारिंगी किंवा लाल इशारा असला की वाटा बंद करतात, वरती लख्ख ऊन असलं तरी. आदल्या रात्री उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटांची स्थिती बघा. बांधावर बसू नका, त्यावरून शॉर्टकट मारू नका.

पायात बूट हवेत. स्लीपर किंवा उघड्या सपाट चपला घालून वाटेवर गेलात तर ५० पासून २,५०० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. दीड लिटर पाणी घ्या, गावातल्या नळावर 'पोताबिले' लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं.

खाणं

शाकाहारी माणसाला इटलीत सर्वांत सोपं कुठं जात असेल तर लिगुरियात. पेस्तो इथलाच: तुळशीच्या जातीचं बेसिल, चिलगोज्यासारखे पाइन नट, लसूण, चीज, ऑलिव्ह तेल. तो त्रोफ्ये नावाच्या पिळदार पास्त्यावर घेतात, कधीकधी त्यात बटाटा आणि शेंगाही असतात. पान्सोती म्हणजे पालेभाजी भरलेल्या पास्त्याच्या पुड्या, त्यावर अक्रोडाचा सॉस. सकाळी फोकाच्चा: तेलानं ओला, मिठाचे खडे लागणारा जाड पाव, वजनावर मिळतो.

आणि फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ एवढंच. तांब्याच्या परातीएवढ्या ताटात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत, मधे मऊ. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला: "धिरडंच आहे हे, फक्त उलटायचं राहिलंय." मग पिशवीतून तिखटाची पुडी निघाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मागून चाखली आणि पाणी मागवलं.

कडक शाकाहारी असाल तर दोन गोष्टी. पार्मेझानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, म्हणजे पारंपरिक पेस्तोही त्यात आला. 'सेन्त्सा फोर्माज्जो' म्हणजे चीजशिवाय, पण तयार पेस्तोतून ते काढता येत नाही. दुसरं, छोटे खारवलेले मासे, अच्चूगे. मोन्तेरोस्सो त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि ते कुठंही लपलेले असतात. पिझ्झाचं नाव 'नापोली' असेल तर त्यावर असणारच. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नकोत. मासे खाणाऱ्यांनी मात्र हेच अच्चूगे लिंबू पिळून जरूर खावेत.

दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती सातला उघडतात. ट्रेक करून चारला उपाशी गावात उतरलात तर फोकाच्चाच मिळेल. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसले तर ती फसवणूक नाही, बसण्याचा आकार आहे. त्याच्यावर टीप द्यायची गरज नाही.

दिवस कसे लावायचे

आमची चार रात्रींची मांडणी अशी होती, आणि पुन्हा गेले तरी हीच ठेवीन. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोचून फक्त बंदरापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मोन्तेरोस्सो, तिथून चालत वेर्नात्सा, दुपारी झोप. दहा ते पाच हा वेळ झोपायचा, पोहायचा किंवा डोंगरात असायचा, गल्लीत असायचा नाही. तिसऱ्या दिवशी व्होलास्त्रा-कोर्नील्या, संध्याकाळी मानारोलाला पुंता बोनफील्योच्या टोकावर सूर्यास्त. सासूबाई त्या दिवशी व्होलास्त्राहून बसनंच परत खाली आल्या आणि मानारोलाच्या धक्क्यावर आमची वाट बघत बसल्या.

चौथ्या दिवशी बोट. मार्चअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बोटी चालतात, कोर्नील्या सोडून चारही गावांना लागतात आणि पुढे पोर्तोव्हेनेरे या किनाऱ्यावरच्या गावाला जातात. गावं समुद्रातूनच खरी दिसतात. चढउतार फळीवरून असतो, लाट असली की ती हलते, गुडघेवाल्यांचा हात धरा. समुद्र खवळला तर बोटी रद्द, म्हणून हा दिवस शेवटावर न ठेवता हवामान बघून पुढेमागे करा. बोट नाहीच मिळाली तर लेवान्तोला जाऊन सायकल भाड्यानं घ्या. जुन्या रेल्वेलाइनच्या बोगद्यांतून बोनास्सोला आणि फ्रामुरा या गावांपर्यंत सपाट सायकलमार्ग केला आहे, मधेमधे बोगदा संपतो आणि समुद्र येतो.

सामान आणि परतीची वाट

पाठीवरची सॅक घ्या, चाकांची मोठी बॅग नको. तीच असेल तर ती ला स्पेत्सियाला सामानघरात ठेवून चार दिवसांचे कपडे घेऊन वर या. आपल्या दोन गोल पिनांचे चार्जर तिथं बहुधा चालतात, तीन पिनांना अडॅप्टर हवा. थोडी रोख ठेवा, विशेषतः कोर्नील्यात. संकटकाळचा क्रमांक ११२.

विमान मिलान किंवा रोमहून असेल तर आदली रात्र त्याच शहरात काढा. या एकाच लाइनवर दरड, संप किंवा नुसता उशीर झाला तर दुसरा रस्ता नाही. येताना पेस्तोच्या बाटल्या आणल्यात तर त्या चेक-इनच्या सामानात टाका, कपड्यांत गुंडाळून. सुरक्षा तपासणीत पेस्तो द्रवपदार्थात मोडतो. माझ्या दोन बाटल्या एका विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. सासूबाईंची तिखटाची पुडी मात्र बिनघोर घरी पोचली.